जरीबवाल्या आबाजींचा अंगठा

कोणाबद्दल लिहावं एवढी माझी लायकी नाही, हे आधीच सांगते आणि माफी मागते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही. आई जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर काम करते. बाबा हमाली करायचे, आता कंबर गेली म्हणून घरीच असतात. लिहिणं म्हणजे आमच्याकडे अर्ज. रेशनचा, पेन्शनचा, नळाचा. मी बारावीला गेल्यापासून वस्तीतले सगळे अर्ज मीच लिहिते, कारण मला तेलुगू लिहिता येतं आणि मंडल ऑफिसात, म्हणजे इकडच्या तहसीलीत, तेलुगूच चालतं; आम्ही मराठी असलो तरी राज्य तेलुगू आहे.

त्यातला एक कागद मी चुकीचा लिहिला. अक्षर सुंदर होतं, एकही खाडाखोड नव्हती, तरी चुकीचा. ज्यांनी ती चूक पकडली त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे. त्यांनी हे वाचलं तर पहिला प्रश्न ठरलेला आहे: "हे तुले कोनं लिवायला लावलं?" कोणीच नाही लावलं, आबाजी. पण त्यांना ते पटणार नाही.

वस्तीत त्यांना जरीबवाले आबाजी म्हणत. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. मोजणी खात्यात ते तिचं एक टोक धरायचे. पस्तीस वर्षं टोक धरलं आणि रिटायर झाले. पेन्शन असलेला माणूस आमच्या पत्र्याच्या वस्तीत कशाला राहतो, हा आमचा पहिला संशय. आई एकदा बोलता बोलता विचारून बसली. ते म्हणाले की गावात ज्या खोलीत राहत होतो तिचा मालक ती पाडून मजले चढवून राह्यला, कॉलेजच्या पोरांना पलंगावारी भाड्यानं देणार म्हणे. मग हसून म्हणाले, "माया पेन्शनीत आता येका पलंगाचा पाय येते." आईला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

त्यांना सैल दोरी बघवत नसे. वस्तीतून चालताना कोणाच्या दारातली कपडे वाळवायची दोरी झोल खाऊन लोंबत असली की थांबायचे, गाठ सोडायचे, ताणून पुन्हा बांधायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. बायका मागून हसायच्या. शेजारची मावशी मुद्दाम दोरी सैल सोडायची आणि ओरडायची, "आबाजी, तुमचं काम राह्यलं ना इकडचं!" ते खरंच परत यायचे.

सतरंजीवर बसायचे तर टोकाला. ऑटोत मधली जागा मिळाली तर उतरून दुसऱ्या ऑटोची वाट बघायचे. हॉटेलवर मराठी, तेलुगू आणि उर्दू असे तिन्ही पेपर घेऊन एकच बातमी तिन्हींत वाचायचे. कोण खोटं बोलतो ते समजत नाही, पण कोण काय गाळतो ते समजते, असं त्यांचं म्हणणं होतं. हे वाक्य तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं.

तरुणपणी ते लाल झेंड्याच्या युनियनमध्ये होते. पुढे युनियननं निवडणुकीत मालक आणि मजूर दोन्हीकडे बरं बोलणाऱ्या पक्षाशी समझोता केला तेव्हा सोडून आले. त्याबद्दल विचारलं की एवढंच सांगायचे, "झेंडा आपला होता, काठी भाड्याची निघाली." श्रीमंतांबद्दल मात्र ते फारसं वाईट बोलत नसत, याचं मला नवल वाटायचं. एकदा मी विचारलं. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि विषमता हा शब्द नवीनच शिकले होते. ते म्हणाले, "चोराचं मले भ्याव नाई, कालेज. तो दिसते. भ्याव मधल्याचं हाय. तो आपल्यापाशी चोराचं सांगते अन् चोरापाशी आपलं, अन् दोघाईकडे जेवते." मला ते नावानं कधी हाक मारत नसत. कालेज म्हणत.

आणखी एक. ते सही करत नसत. तीन भाषा वाचणारा माणूस बँकेत, पोस्टात, रेशनवर अंगठा द्यायचा. बँकेतला नवीन पोरगा एकदा म्हणाला की आजोबा, तुम्ही तर पेपर वाचता. आबाजींनी शाईचं पॅड स्वतःच ओढून घेतलं. "सही म्हंजे मानूस राजीखुशीनं आला. अंगठा म्हंजे धरून आनला. मले धरूनच आनलं हाय, लिवा."

आता त्या कागदाचं सांगते.

आमची वस्ती सरकारी जमिनीवर आहे. लांबट पट्टी आहे, एका टोकाला डांबरी रस्ता, दुसऱ्या टोकाला नाला. सव्वीस घरं. आम्ही तिथं राहायला आलो तेव्हा त्या बाजूला रात्री कोल्हे ओरडायचे. मग रस्ता झाला, आणि रस्त्याच्या बाजूची जागा वेंचरवाल्याला पाहिजे झाली. शहराच्या कडेला जमीन घेऊन प्लॉट पाडून विकतात त्याला आमच्याकडे वेंचर म्हणतात. त्याच्या फलकावर गजाचा भाव लिहिला होता. आईची महिन्याची मजुरी म्हणजे त्या जागेचा एक गज, तीन फूट बाय तीन फूट. आई तो फलक वाचून घ्यायची माझ्याकडून आणि हसायची. म्हणायची, दोन महिने काम केलं तर झोपायपुरती होईल, पाय दुमडून.

त्यानं जमिनीवर हक्क सांगितला. सरकारनं आपला सांगितला. आम्ही मधे होतो. तेव्हा वस्तीच्या समितीचे अध्यक्ष पुढे आले. आम्ही त्यांना सर म्हणतो, ते शाळेत शिकवतात. वाईट माणूस नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. माझा कॉलेजचा फॉर्म त्यांनी भरला, स्कॉलरशिपसाठी माझ्याबरोबर तीन वेळा ऑफिसात आले. त्यांचं एक वाक्य आहे: थोडं त्यांनी, थोडं आपण. भांडण नळाचं असो की नवराबायकोचं, सर हेच म्हणतात आणि बहुतेक वेळा भांडण मिटतं.

त्यांनी हेही मिटवलं. पट्टी निम्मी-निम्मी. रस्त्याकडची निम्मी वेंचरला, नाल्याकडची निम्मी आम्हाला, आणि आमच्या निम्म्यात अठरा फुटांचे सव्वीस प्लॉट, पट्ट्यासकट. पट्टा म्हणजे नावावर कागद. त्यासाठी आईबाबांनी वीस वर्षं वाट पाहिली होती. ऑफिसातून नकाशा आला, चिठ्ठ्या काढल्या. आमचा नंबर पंचवीस आला, नाल्याच्या बाजूचा. आबाजींचा दोन. जमिनीवर खुट्या मात्र सगळ्यांची संमती झाल्यावर ठोकायच्या होत्या. वेंचरची कंपाउंडची भिंत त्याआधीच उभी राहिली होती.

संमतीचा कागद मी लिहिला. सर तेलुगूत सांगत होते आणि मी लिहीत होते. वरती सगळ्यांची नावं. पहिल्या ओळीत, आम्ही या वाटणीला राजी आहोत. दुसऱ्या ओळीत, आम्ही जागा मोजून पाहिली आहे आणि आमची तक्रार नाही. लिहिताना माझा हात क्षणभर थांबला, कारण मोजलं कोणीच नव्हतं. पण मला वाटलं, ऑफिसची भाषा अशीच असते. आमच्या परीक्षेच्या फॉर्मवरही मी सर्व नियम वाचले आहेत असं छापलेलं असतं.

संध्याकाळी समाजमंदिरात बैठक झाली. मी कागद हातात धरून मराठीतून वाचून दाखवला. पहिली ओळ वाचली. दुसरी गाळली. मुद्दाम नाही. तिसरी ओळ पट्ट्याची होती आणि लोकांना तीच ऐकायची होती, म्हणून मी सरळ तिच्यावर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सतरंजीच्या टोकाला आबाजी बसले होते. उठून माझ्याजवळ आले, कागद हातात घेतला, चष्मा नव्हता म्हणून लांब धरला. मग मला परत दिला.

"दुसऱ्या ओळीत काय हाय तेही वाच ना, कालेज."

मी वाचलं.

"कोनं मोजली?" त्यांनी लोकांकडे वळून विचारलं. "तुमी मोजली? तुमी? सरांनी? आधी मोजा, मंग सही. येका दिवसाचं काम हाय."

सर शांतपणे म्हणाले की काकाजी, ऑफिसनं मोजलंच असणार, आता खुसपट काढलं तर वेंचरवाला कोर्टात जाईल आणि वीस वर्षं पुन्हा सुरू. लोक कुजबुजायला लागले. कोणी म्हणालं, यांचा नंबर दोन आहे, यांचं काय जाते. कोणी म्हणालं, पेन्शनवाल्याला काय, तो कुठंही राहील.

त्या क्षणी मला फार लाज वाटत होती, आणि लाजेतून माणूस काय बोलतो ते मी त्या दिवशी शिकले. मी म्हणाले, "आबाजी, परवा सकाळी तुम्ही वेंचरच्या गेटच्या आत काय करत होता? वॉचमन तुम्हाला चहा देत होता."

हे खरं होतं. कॉलेजला जाताना मी पाहिलं होतं. आणि माझ्या मनात संशय तेव्हापासूनच होता.

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बँकेतल्या पोराकडे पाहिलं होतं तसं, की बरं, तूही त्यांच्यातलीच. काही न सांगता ते बाहेर निघून गेले. बाहेर समाजमंदिराच्या पताकांची दोरी लोंबत होती. ती त्यांनी तशीच सोडली.

सह्या झाल्या. बाबांनीही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. हातात दोरी, अठरा फुटांची, दोन्ही टोकांना लोखंडी कडी. आईनं बसा म्हटलं तर बसले नाहीत. मला म्हणाले, "टोक धर."

मी धरलं. वेंचरच्या भिंतीपासून आम्ही सुरुवात केली. ते पुढचं टोक घेऊन जायचे, मागे वळून ओरडायचे, "तान!" मी ताणायचे. ते जमिनीवर टाचेनं रेघ मारायचे, आणि मी त्या रेघेवर यायचे. एक दोरी म्हणजे नकाशातला एक प्लॉट, एक घर. दोन घरं. लोक दारात उभे राहून बघत होते. मावशी म्हणाली, आबाजींना साखळीला पोरगी सापडली. बाराव्याला माझा हात भरून आला आणि दोरी सैल झाली, तर त्यांनी ते बारावं घर पुन्हा मोजायला लावलं.

तेविसावं घर संपलं तिथून दोन हातांवर बाभूळ होती. बाभळीच्या पलीकडे उतार आणि खाली नाला. चोविसावं टोक घेऊन ते पाण्यात उतरले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं.

"तुमचा नंबर किती?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"पंचवीस."

त्यांनी पुढे, पलीकडच्या काठावरच्या बेशरमाच्या झाडीकडे बोट दाखवलं.

मग मला घेऊन वेंचरच्या गेटवर गेले. वॉचमन आमच्याच बाजारहत्नूरकडचा निघाला, त्यांना जयभीम म्हणाला आणि गेट उघडलं. रस्त्यापासून भिंतीपर्यंत आम्ही तीच दोरी धरली. नकाशाप्रमाणे इथंही सव्वीस यायला पाहिजे होते. एकोणतीस आले, म्हणजे भिंत तीन घरं आमच्यात घुसली होती. ते त्या दिवशी सकाळी गेटच्या आत काय करत होते, ते मला समजलं.

"बैठकीत काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी सांगतलं असतं तं तू मानलं असतं?" ते दोरी गुंडाळत म्हणाले. "मीच मानलं नसतं. टोक धरल्याबिगर कोनाचं मानू नये."

परत येताना त्यांनी ती गोष्ट सांगितली. आधी कधी कोणाला सांगितली होती की नाही, माहीत नाही. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका गावात मजुरांना जमीन वाटायची होती. वाटणीच्या आधी सगळ्या जमिनीची एकदम लांबी मोजली. मधे बोरीचं काटेरी बन होतं. साखळी त्यावरून टाकली, ती मधे झोल खाऊन बसली. यांनी साहेबाला दाखवलं. साहेब म्हणाला, चलने दो. झोलामुळे कागदावर जमीन जास्त भरली. पुढे बोरी तोडून एकेकाचा तुकडा पाडला तेव्हा साखळी ताठ होती. शेवटच्या घराला जमीनच उरली नाही. कागदावर ती होती, म्हणून त्यांना दुसरी कुठं मिळालीही नाही. ते घर किनवटकडे निघून गेलं.

"मोजनीच्या कागदावर माई सही हाय," आबाजी म्हणाले. "हजर होतो म्हनून. दोन्ही टोकं बरोबर होती, कालेज. झोल मधेच असते."

आम्ही सरांकडे गेलो. सरांनी ऐकलं, स्वतः दोरी धरून पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला, हे मी खोटं नाही लिहिणार. ते ऑफिसात गेले, वेंचरवाल्याकडे गेले, आठवडाभर हिंडले. त्याच आठवड्यात आबाजी नळाजवळ घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलगी त्यांना उटनूरला घेऊन गेली. ती तिथं एका ऑफिसात कारकून आहे.

ऑफिसची माणसं यंत्र घेऊन आली. खुट्या ठोकल्या. सव्वीसच्या सव्वीस, बाभळीच्या अलीकडे, कोरड्या जागेत. आमचा पंचवीस नंबरही. आई त्या चार खुट्यांच्या मधे जाऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. सरांनी पेढे वाटले आणि एक पुडा माझ्याजवळ दिला. म्हणाले, काकाजींना दे, त्यांच्यामुळेच झालं.

रविवारी मी उटनूरची बस धरली. आबाजी खाटेवर होते. खाटेची सुंभाची दोरी सैल पडली होती आणि त्यांना उठून ती आवळता येत नव्हती. हे त्यांना पायापेक्षा जास्त दुखत असावं. मुलीनं फोनवर कोणाकडून तरी ऐकून त्यांना सांगितलं होतं की सगळ्यांना जागा मिळाली. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

मी पुडा उघडून पुढे केला. त्यांनी एक पेढा घेतला, पण हातातच धरला.

"सव्वीस खुट्या ठोकल्या?"

"हो."

"जागा आली कुठून?"

कोणीच हा प्रश्न विचारला नव्हता. आईनं नाही, मावशीनं नाही. मी सांगितलं. अठरा फुटांचे सोळा केले. सगळ्यांचे दोन-दोन फूट कापले आणि त्यातून शेवटची तीन घरं बसवली.

"अन् भित?"

"भिंत तिथंच आहे."

त्यांनी पेढा पुड्यात परत ठेवला, अगदी हळू, फुटू नये असा. "म्हंजे गरिबानं गरिबाले दिलं. त्याचं काईच गेलं नाई." मग पुडा माझ्याकडे सरकवला. "नवा कागद तू लिवला?"

"नाही. सरांनी सांगितलं होतं. मी नाही म्हणाले. त्यांनी टायपिंगवाल्याकडून करून घेतला. ते माझ्याशी बोलत नाहीत आता."

"बापानं सही केली तुया?"

"केली. बाबा म्हणाले, दोन फुटासाठी जागा सोडायची काय."

"खोटं नाई त्याचं," आबाजी म्हणाले. त्यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

मग मी पिशवीतून माझा कागद काढला. भिंत पुन्हा मोजावी असा अर्ज. खाली सात नावं होती, पहिलं आईचं. सव्वीसमधले सात म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. कोर्टाला वीस वर्षं लागतील हे सर म्हणाले ते खोटं असेलच असं नाही. मी त्यांना तेही सांगितलं.

"वाच," ते म्हणाले. "येक ओळ सोडू नको."

मी तेलुगूत वाचलं, मग मराठीत. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं की आम्ही स्वतः दोरी धरून मोजलं आहे, या बाजूला तेवीस, त्या बाजूला एकोणतीस. ती ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. खालची कोरी जागा किती आहे ते बघितलं, आणि ती एवढी मोठी का सोडली म्हणून विचारलं. सह्यांसाठी, मी म्हणाले. वरून कोणी काही लिवून टाकलं तर, ते म्हणाले, आणि माझ्याकडून तिथं आडवी रेघ मारून घेतली, आठव्या नावापुरतीच जागा ठेवून.

मी शाईचं पॅड आणलं होतं. ते उघडून खाटेवर ठेवलं.

"ते ठेव," आबाजी म्हणाले. "पेन दे."

उशीला टेकून त्यांनी आठव्या जागेवर आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, मराठीत. बराच वेळ लागला. एवढी वर्षं मी त्यांना आबाजी म्हणत होते, त्यांचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. इथं ते लिहीत नाही. त्यांनी ते फक्त त्या कागदाला दिलं आहे.